माघारी नेता येणारी शेळी

जनावरांच्या बाजारात एक उपरणं उलगडलं जातं आणि दोन हात त्याखाली गुडूप होतात. एक हात घेणाऱ्याचा, दुसरा दलालाचा. वरून काहीच दिसत नाही. आजूबाजूला शेळ्यांचं बेंबाटणं, चहाच्या गाड्यांवरचा गलका आणि टेम्पोचे भोंगे चालू असतात. उपरण्याखाली मात्र बोटं बोलत असतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. आकडा शेकड्यातला की हजारातला हे जनावर बघूनच दोघांना ठाऊक असतं. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं बोट मागं घेतलं, पुन्हा दाबलं. मग दलाल तिथून उठतो, शेळीच्या मालकाजवळ जातो आणि त्याच्या हातावर उपरणं टाकतो. तोंडानं आकडा उच्चारलाही जात नाही आणि सौदा ठरतो.

परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा गावांना आठवडी बाजाराची फार जुनी सवय आहे. शेजारच्या जिल्ह्यांत माळेगावची खंडोबाची यात्रा आणि हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार यांची नावं सगळा मराठवाडा ओळखतो. ही बोटांची भाषा या सगळ्या पट्ट्यात चालत आली. थक्क व्हायला होतं ते पुढं: अरबी समुद्राच्या पलीकडे, आफ्रिकेच्या शिंगासारख्या टोकावर, सोमालीलँडमधल्या हर्गेसा आणि बुराओच्या बाजारांतही शेळ्या-मेंढ्यांचे नि उंटांचे सौदे असेच कापडाखाली बोटं दाबून होतात. तिथली जनावरं बर्बेरा बंदरातून जहाजानं सौदीला जातात, हजच्या दिवसांत तर लाखोंनी. गंगाखेडचा शेळीवाला आणि बुराओचा शेळीवाला एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण त्यांना एकमेकांसमोर बसवलं आणि मध्ये एक उपरणं टाकलं, तर सौदा अडायचा नाही.

किंमत झाकायची कशासाठी? दलालाला विचारलं तर तो सांगतो की उघड बोललं तर दहा जण मध्ये पडतात, सौदा मोडतो. ते खरंच आहे. विकणाऱ्याची अब्रूही झाकली जाते. अडचणीपायी कुणी किती खाली आला हे गावाला कळत नाही. पण याच पडद्याचा दुसरा परिणाम मोठा आहे. शेजारी उभ्या असलेल्या बाईची शेळी आत्ता केवढ्याला गेली, हे आपली शेळी विकायला आलेल्या बाईला कळत नाही. ते फक्त दलालाला कळतं, कारण दोन्ही उपरण्यांखाली हात त्याचाच होता.

आता उपरण्याखाली हात जाण्याआधीचा भाग पाहू, कारण तिथं खरी विद्या आहे. शेळीचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला जातो. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती कडक हिरडी. दुधाचे दात बारीक, टोकदार. कायमचे रुंद, फावड्यासारखे. मधली जोडी बदलते ती साधारण वर्ष-सव्वा वर्षाची झाली की. तोवर ती अदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेली. गाई-बैलांत हाच हिशेब थोडा उशिरा सुरू होतो, दोन-अडीच वर्षांनी. जन्मदाखला नसलेल्या प्राण्याचं वय असं चार सेकंदांत वाचलं जातं. मग हात जातो कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं. मणक्याची टोकं बोटाला टोचतात की मांसाखाली बुडाली आहेत, यावरून अंगावर किती भर आहे ते कळतं. मुरलेला व्यापारी एवढ्यावर मनातल्या मनात मटणाचं वजन मांडतो. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर मटण उतरतं, हेही त्याला पाठ असतं.

बैलाच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही. बैल मारका आहे का, औताला बसतो का, रात्री दावं तोडतो का, हे दातांवर लिहिलेलं नसतं. ते मालकालाच माहीत. 1970 साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचे दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा ठिकाणी घेणारा धास्तीनं कमी भाव देतो, मग चांगल्या मालाचे धनी बाजारातून निघून जातात आणि बाजारच नासतो, असं त्यानं दाखवून दिलं. पुढं 2001 साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या बैलबाजारानं या दुखण्यावर आपला उपाय केव्हाच काढून ठेवला होता. त्याला बोली म्हणतात. ‘खोड नाही, कामाला चालतो’ अशी बोली करून बैल दिला जातो, थोडा इसार हातावर ठेवला जातो, घेणारा बैल नेऊन जुंपून बघतो आणि बोलीप्रमाणे निघाला नाही तर आणून बांधतो. कागद नाही, शिक्का नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात तोंड दाखवायचं आहे, एवढीच हमी. त्या हमीवर पिढ्यान्‌पिढ्या बाजार चालले.

या बाजारात उभी असलेली जनावरंही साधी नव्हेत. लाल कंधारी हा कंधारच्या परिसरातला तांबडा गोवंश. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली हा त्याचा मुलूख. काळ्या चिकट रानात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओढणारा बैल म्हणून तो घडला. देवणी ही लातूरकडची, काळ्या-पांढऱ्या अंगाची, दूध आणि काम दोन्ही देणारी. मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी याच कोरड्या पट्ट्यातल्या. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, उंच पायांची. ती बांधावरच्या बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, तुरीचं भुसकट आणि रस्त्याकडेची काटेरी झुडपं खाते. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदतात; माणसाला मुळीच न पचणारा पाल्यातला चोथा ते कुजवतात आणि त्यातून शेळीला ताकद मिळते. पाच महिन्यांत ती विते आणि पुष्कळदा जुळी करडं देते. ज्या घराला गुंठाभर जमीन नाही, त्या घरात बांधावरच्या काट्यांपासून वर्षाकाठी दोन-तीन करडं तयार होतात. इतक्या थोड्या भांडवलावर एवढी वाढ देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात 14.89 कोटी शेळ्या निघाल्या, त्यांतल्या एक कोटीहून जास्त महाराष्ट्रात.

आणि परभणीला या जनावरांचं शास्त्रही घरचं आहे. 1972 साली मराठवाडा कृषी विद्यापीठ इथं स्थापन झालं. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्याच सुमारास पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं, ते 2000 नंतर नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे गेलं. देवणी गाईचा होल्स्टीनशी संकर करून ‘होलदेव’ ही जात परभणीतच घडवली गेली. ‘परभणी मोती’ हा रब्बी ज्वारीचा वाण इथलाच, टपोरे दाणे आणि गुरांना भरपूर कडबा देणारा. म्हणजे जनावर कसं पैदा करावं, काय खाऊ घालावं, आजारी पडलं तर काय करावं, हे सांगणारी माणसं जिल्ह्याच्या गावात बसलेली आहेत. तरीही त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर एक बाई आपली अंगानं भरलेली शेळी निम्म्या-पाऊण भावात दारातच देऊन टाकते. तिच्या शेळीत काहीच खोट नसते.

तिच्या जागी उभं राहून पाहिलं की उलगडतं. मृग आठ दिवसांवर आलेला. सोयाबीनचं बी आणि खताच्या पिशव्या आणायच्या. दारात मोटारसायकलवरून व्यापारी येतो. बाजार वीस किलोमीटरवर. तिथं जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, टेम्पोचं भाडं पडतं, शेळी भरायची-उतरवायची. बाजारात सावली नाही, बायकांना आडोसा नाही आणि सगळा जमाव पुरुषांचा. घरची शेळी सांभाळते बाई, पण बाजारात तिच्याशी बोलायला कुणी तयार नसतं, ‘मालक कुठंय?’ असंच विचारतात. आणि समजा गेलीच, तर तिथं भाव पटला नाही म्हणून शेळी परत आणायची झाली, तर पुन्हा भाडं. हातात पैसे नाहीत, बी नाही आणि पाऊस डोक्यावर.

व्यापारी शेळीचे दात बघतो, कमर चाचपतो, पण सगळ्यात बारकाईनं वाचतो ते बाईचा चेहरा. ही शेळी आज गेलीच पाहिजे का, एवढं एक उत्तर त्याला हवं असतं. ते ‘हो’ असेल तर दात, वजन, जात यांचं मोल फार उरत नाही. ‘नाही’ असेल तर त्याच शेळीचा भाव वर चढतो. मला या साऱ्या विषयाचं बीज इथं दिसतं. लहान पशुपालकाच्या हातात बाजाराची ताकद किती, हे मोजायचं तर एकच गोष्ट बघावी: भाव पटला नाही तर तो जनावर माघारी नेऊ शकतो का. ग्रामीण बाजाराच्या विकासासाठी जे जे म्हणून केलं जातं, ते या एका कसोटीवर लावून बघितलं की कशाला अर्थ आहे आणि कुठं नुसती फीत कापली गेली, ते चटकन वेगळं होतं.

वजनकाट्याचं उदाहरण घ्या. जिवंत वजनावर विक्री व्हावी असं सगळे म्हणतात, पण काटा वस्तीवर नसतो. त्याची सोय मात्र सुतळीच्या तुकड्यात आहे. शेळीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती सुतळी लपेटायची आणि घेर टेपवर इंचात मोजायचा. मग खांद्याच्या टोकापासून मागं पुठ्ठ्याच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं. उत्तर येतं ते किलोतलं वजन. समजा घेर 28 इंच आणि लांबी 26. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस 784. त्याला 26 नं गुणलं की 20,384. भागिले 660, म्हणजे जवळजवळ 31 किलो. पोट भरलेलं असताना मोजलं किंवा शेळी गाभण असली तर फरक पडतो, सुतळी सैल धरली तरी पडतो, पण दारात उभा माणूस ‘पंचवीसच्या वर भरत नाही, ताई’ म्हणत असेल तेव्हा हे पुरेसं आहे. किलोला 400 रुपये धरले तर त्या सहा किलोंची किंमत 2,400 होते. प्राथमिक शाळेतला गुणाकार आणि हातभर सुतळी यांच्या जोरावर बाईला ‘नाही, एकतीस आहे’ म्हणता येतं. पाचवीतल्या मुलीनं आईसाठी हा गुणाकार पाटीवर मांडावा, इतका तो सोपा आहे. अंदाजाच्या बाजारात आकडा हातात असलेल्या माणसाचा आवाज बदलतो.

दुसरी गोष्ट बातमीची. केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइलचे मनोरे टप्प्याटप्प्यानं उभे राहिले. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकानं तिथल्या तारली मासळीच्या बाजारांचा पाठपुरावा केला आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. मोबाइल येण्याआधी एका किनाऱ्यावर मासे फेकून द्यावे लागत आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतत असे. कोळी समुद्रातूनच चार ठिकाणी भाव विचारू लागले आणि बाजारांमधली तफावत आटली, फेकाफेकी जवळपास थांबली. कोळ्याचा नफा वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी स्वस्तही मिळाली. शेळ्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही, कारण दोन तारल्या सारख्या असतात तसे दोन बोकड नसतात. पण दाताप्रमाणे आणि किलोप्रमाणे भाव बोलला जाऊ लागला, की ‘गंगाखेडला दोन दाती बोकड आज काय किलो चाललाय?’ हा प्रश्न फोनवर विचारता येतो. काट्याआधी फोनचा उपयोग नाही, आणि फोनशिवाय काटा अर्धा. बाजार समितीनं दर आठवड्याला दाती आणि किलोप्रमाणे उतरलेला भाव फळ्यावर खडूनं लिहिला, तर उपरणं तसंच राहूनही त्याखालचा अंधार कमी होईल. राज्याचा 1963 चा बाजार समिती कायदा जनावरांनाही लागू आहेच; फळा टांगायला नवा कायदा लागत नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकटी शेळी घेऊन एकटी बाई बाजारात जाते तेव्हा भाडं तिच्या एका शेळीवर पडतं. पंधरा जणींनी मिळून एक छोटा हत्ती टेम्पो केला, वजनं घरीच करून नेली आणि मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला आधी फोन लावला, तर भाडं पंधरा वाटण्यांत जातं आणि गरज पडली तर परतीचंही परवडतं. त्यांच्यातल्या एकीला आज पैसे हवेतच असतील, तर गटाच्या बचतीतून तिला ते मिळतात आणि तिची शेळी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबते. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम 1975 साली स्थापन झालं, ‘उमेद’ अभियान 2011 साली; दोन्ही असे गट बांधत आली आहेत. ‘उमेद’मधल्या पशुसखी गावातल्याच बाया, त्या जंताचं औषध देतात, करडांची वजनं घेतात, लसीकरणाचा दिवस सांगतात. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशननं शेळ्यांमध्ये कृत्रिम रेतन करणाऱ्या बायका तयार केल्या. लोक त्यांना शेळ्यांच्या डॉक्टर म्हणूनच ओळखतात. जागतिक बँकेच्या मदतीनं 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणी जिल्हा होता आणि भूमिहीनांना शेळ्या देण्याची तरतूद त्यात होती. शेळी देणं ही सुरुवात झाली. त्या शेळीची करडं विकताना बाईच्या पाठीशी कोण, हा त्यानंतरचा आणि अवघड भाग आहे.

पशुसखीचं काम औषधपाण्याचं वाटतं, पण ते सरळ बाजाराचं काम आहे. गावात पीपीआर या रोगाची साथ आली की काय होतं? ताप, नाकातून शेंबूड, हगवण, आणि चार दिवसांत शेळ्या पटापट मरू लागतात. मग ज्याच्या-त्याच्या मनात एकच येतं, मरण्याआधी विकून टाका. एका दिवसात सगळं गाव विकायला निघतं आणि व्यापारी सांगेल तो भाव. पीपीआरची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस वेगळी. टोचलेल्या शेळीची मालकीण थांबू शकते, कारण तिला उद्याची भीती नसते. जगातून गुरांचा बुळकांडी रोग 2011 साली कायमचा हद्दपार झाला; देवीनंतर माणसानं पुरता संपवलेला तो दुसराच रोग. पीपीआर 2030 पर्यंत संपवायचा असा जागतिक संस्थांचा संकल्प आहे, आणि तो पुरा होईल तो अशाच वस्तीवस्तीवर टोचणाऱ्या हातांनी.

थांबायचं तर जनावराला खायला हवं, आणि इथं परभणीचं जुनं बलस्थान कमी होत चाललं आहे. ज्वारी होती तेव्हा कडब्याच्या गंजी दारोदार होत्या. सोयाबीन आणि कापूस आला, पैसा आला, पण कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट गुरं नाइलाजानं खातात. कडब्याची सर त्याला नाही. उन्हाळ्यात कडब्याची पेंढी महाग झाली की दावणीला बांधलेलं प्रत्येक जनावर रोज थोडं थोडं खिशातून खातं, आणि मालकाला विकण्याची घाई होते. म्हणून परभणी मोतीचा चार गुंठ्यांचा तुकडा किंवा बांधावरची शेवरी-सुबाभूळ, हा माझ्या मते बाजारविकासाचाच भाग आहे, जरी कुठल्याही बाजाराच्या नकाशावर ती दिसत नसली.

दुधाचं गणित उलटं. शेळी थांबली तर वाढते, दूध थांबलं तर नासतं. उन्हाळ्याच्या सकाळी काढलेलं दूध काही तासांतच फाटायला लागतं, म्हणून दूधवाल्याला ते माघारी नेणं शक्यच नसतं. 1946 साली खेडा जिल्ह्यात सहकारी संघ उभा राहिला तो यासाठीच, की दूध घेणारा एकटा असताना शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. गावात चार अंशांवर दूध थंड ठेवणारी टाकी आणि फॅट मोजणारं यंत्र शेतकऱ्यासमोर चालणं, एवढ्या दोन गोष्टींनी दुधाच्या घरात तेच होतं जे सुतळीनं शेळीच्या घरात होतं. मराठवाड्यात पश्चिम महाराष्ट्रासारखं दुधाचं जाळं कधी दाट झालं नाही. त्याची कारणं एका लेखात मावणारी नाहीत.

बैलांच्या बाजाराची गोष्ट जरा दुखरी आहे. शेतकरी जुना बैल विकून त्यात थोडी भर घालून तरणा बैल घ्यायचा, हा शेतीच्या भांडवलाचा जुना फेरा होता. 1995 साली विधिमंडळानं केलेल्या सुधारणेला 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईबद्दलची श्रद्धा मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. पण थकलेल्या बैलाला घेणारा कमी झाला की फेऱ्याची एक कडी निसटते, हेही खरं. त्याच वर्षी दुष्काळ पडला. दावणीला चारा नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही आणि जनावर सोडवत नाही, अशा कोंडीत लोकांनी ते वर्ष काढलं. ट्रॅक्टर आल्यानं बैलांची मागणी आधीच घटली होती. धोरण ठरवणाऱ्यांनी या कडीच्या जागी दुसरी कोणती कडी बसवायची, याचा विचार शेतकऱ्याच्या बाजूनं करायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगावकडे लम्पी त्वचारोग दिसला आणि पुढच्याच महिन्यात राज्यभर जनावरांचे बाजार बंद केले गेले. अंगावर गाठी, ताप, खंगलेल्या गाई. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ रोखण्यात आली. बाजार बंद करणं बरोबरच होतं, कारण जिथं दहा तालुक्यांची जनावरं एका हौदावर पाणी पितात, तिथं रोगही एका दिवसात दहा तालुक्यांत जातो. पण बाजार बंद असताना विक्री थांबली नाही. ती दारात गेली, जिथं विकणारा एकटा असतो. आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, आणि 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. पिवळ्या प्लास्टिकच्या त्या तुकड्यावरच्या आकड्यानं जनावराचं लसीकरण आणि मालकी नोंदलेली असते. तोंडी बोलीवर चालणाऱ्या बाजारात ही नवी बोली आली आहे, आणि शेळीच्या कानातला बिल्ला घरातल्या बाईच्या नावानं नोंदवला गेला तर ‘मालक कुठंय?’ या प्रश्नाला तिच्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

सगळ्यात अचंबा वाटावा असं प्रकरण चंद्राचं. वर्षभर मटणाचा भाव सारखा नसतो. धुळवडीला, आखाडात, जत्रांना आणि कंदुरीला तो चढतो. श्रावणात, नवरात्रात, मार्गशीर्षात बसतो. पण बोकडाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव येतो तो बकरी ईदला, आणि ईद इंग्रजी कॅलेंडरवर ठरत नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते. 2023 साली ती जूनच्या अखेरीस होती, 2024 ला 17 जूनला, 2025 ला 7 जूनला. ही सगळी वर्षं परभणीसाठी नशिबाची होती: पेरणीला पैसा लागतो त्याच पंधरवड्यात बोकडाचा भाव चढलेला. आता ईद मे महिन्यात शिरते आहे, पुढं एप्रिल, मग मार्च.

कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो, आणि घेणारे खात्री म्हणून दोन दात बघतात. पाच महिने पोटातले, तेरा-चौदा महिने बाहेरचे. म्हणजे ईदच्या दीड वर्ष आधी शेळी बोकडाला दाखवावी लागते. 2028 ची ईद मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते. मागं मोजलं की 2026 चा ऑक्टोबर आणि करडं जन्मणार 2027 च्या मार्चमध्ये, ऐन पाल्याच्या टंचाईत. त्या आयांसाठी कडबा दिवाळीपासूनच राखून ठेवावा लागेल. 2033 ची ईद मात्र 11 मार्चच्या सुमारास. तिच्यासाठी शेळ्या गाभण राहतील 2031 च्या ऑगस्टमध्ये, बांध हिरवेगार असताना, आणि करडं जानेवारीत रब्बीच्या पाल्यावर वाढतील. ज्या गटाकडे पंधरा शेळ्या, एक वही आणि वर्षाचं कालनिर्णय आहे, त्याला हा हिशेब आजच भिंतीवर लिहिता येईल.